डाव्या पायाचं सोंग

"यंदा तू शेजारच्या सीटवर बस, गाडी मी चालवते," ब्रेत्सेल पावाला लोणी फासता फासता गुद्रुन म्हणाली, आणि तिच्या नवऱ्याच्या, मानफ्रेड नेगेलेच्या, हातातली कॉफी बशीत सांडली.

विषय गुडघ्याचा होता. मार्चमध्ये मानफ्रेडच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, पोहा, सायकल मारा, पण त्या जुन्या गाडीचा क्लच दाबायचा नाही. गाडी १९७२ सालची, दोन दारांची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. आणि आमच्या क्लबाची आल्ब डोंगरातली वार्षिक फेरी मे महिन्यात, म्हणजे सहा आठवड्यांवर.

"तुला नाही जमायचं," मानफ्रेड बशीतली कॉफी कपात ओतत म्हणाला. "क्लच फार नाजूक आहे तिचा."

"नाजूक? गेल्या वर्षी तर जड आहे म्हणाला होतास."

"दोन्ही आहे. जड आहे आणि नाजूकपण आहे. म्हणून तर पायाला वर्षानुवर्षांची सवय लागते."

"मग लावते सवय. सहा आठवडे आहेत."

"काही गरज नाही. गुडघा ठणठणीत आहे माझा," असं म्हणून मानफ्रेड ताडकन उभा राहिला, आणि ते सिद्ध करायला जिना झाडायला निघून गेला. त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी शेजाऱ्यांची होती. पण पाचव्या पायरीवर पोचेपर्यंत ते त्याच्या लक्षात आलं नाही.

इथं मानफ्रेडला हसायचा मला काडीचा अधिकार नाही. आमच्या निडरहाल्डनच्या क्लबात अकरा जुन्या गाड्या आहेत, आणि अकराही गाड्यांत नवरा डावीकडं स्टिअरिंगवर आणि बायको उजवीकडं, मांडीवर नकाशा आणि हातात स्टॉपवॉच घेऊन. बायकांना गाडी येत नाही असं मुळीच नाही. माझी हिल्ट्रूड बावीस वर्षं शहराची बस चालवत होती. पण त्या बसला क्लच नसतो, गिअर आपोआप पडतात, आणि जुन्या गाडीच्या क्लचला एक वेगळीच समज लागते, असं मी तिला लग्नानंतर कधीतरी सांगितलं, ते तिनं ऐकून घेतलं, आणि तो विषय तिथंच संपला असं मी धरून चाललो. अकरा घरांत अकरा नवऱ्यांनी थोड्याफार फरकानं हेच सांगितलेलं आहे. क्लच हा आमचा किल्ला होता म्हणा ना.

म्हणून मानफ्रेडची कोंडी मला पुरती समजते. गुडघा दुखतो म्हणावं तर गुद्रुन चालवणार. पायाचा क्लचच काढून टाकावा आणि तसं सांगावं तर तिला अडवायला कारणच उरत नाही, म्हणजे पुन्हा गुद्रुनच चालवणार. तेव्हा ती खुर्ची टिकवायची तर गुडघा बरा आहे आणि क्लच जागेवर आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या दिसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात दोन्ही खोट्या असल्या तरी चालणार होतं.

सोमवारी सकाळी तो गावाबाहेर क्नोडलरच्या गॅरेजात गेला. क्नोडलर हा जुन्या गाड्यांचा धन्वंतरी, पण बोलण्यात महा कंजूष. आमच्याकडं शिव्या घातल्या नाहीत म्हणजे कौतुक झालं असं समजतात. क्नोडलर शिव्यासुद्धा मोजून घालतो.

"क्लच काढायचाय," मानफ्रेड दार लावून घेत म्हणाला.

"बदलायचाय?"

"काढायचाय. म्हणजे आत राहू दे, पण पायाचा आणि त्याचा संबंध नको."

क्नोडलरनं हात पुसले. "होतं तसं. क्लच दाबायला आत एक छोटी मोटर बसवतो. गिअरच्या दांड्याच्या मुठीत एक बटणासारखं असतं. मुठीला हात लागला की मोटर क्लच दाबते, हात काढला की सोडते. तुम्ही नुसता गिअर टाकायचा. डावं पेडल काढून फेकतो."

"पेडल राहू दे."

"कशाला?"

"दिसायला."

"कुणाला?"

मानफ्रेड भिंतीवरच्या टायरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. क्नोडलरचंही लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली होती. त्यानं पुढं विचारलं नाही.

"स्प्रिंग लावून देतो मग. दाबलं की खाली जाईल, सोडलं की वर येईल. काम काही करणार नाही."

"आमच्या मेव्हण्यासारखं."

"अहो नेगेले, एक मात्र ध्यानात ठेवा. मुठीला उगाच हात लावायचा नाही. गिअर बदलायचा तेव्हाच."

"एवढंच ना?"

"एवढंच," क्नोडलर म्हणाला आणि पहिल्यांदाच किंचित हसला. तेव्हाच मानफ्रेडला शंका यायला हवी होती.

तीन आठवड्यांनी गाडी तयार झाली. आता आपला माणूस बायकोशी खोटं बोलेल, पण सरकारशी नाही. गाडीत एवढा बदल केला म्हणजे तपासणी करून घेतली पाहिजे, कागदावर नोंद पाहिजे, शिक्का पाहिजे. तपासणीच्या साहेबानं वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे तिसरं पेडल कसलं?"

"शोभेचं," मानफ्रेड म्हणाला.

साहेबानं चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं, नियमांचं पुस्तक चाळलं, शोभेच्या पेडलला मनाई सापडली नाही, आणि कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'डावे पेडल: केवळ शोभेचे, कार्य नाही.' खाली गोल शिक्का. हा कागद गाडीत बाळगणं बंधनकारक होतं, म्हणून मानफ्रेडनं तो समोरच्या कप्प्यात, सगळ्या कागदांच्या तळाशी ठेवला. म्हणजे बरोबर गुद्रुनच्या गुडघ्यांसमोर. माणूस चाळीस वर्षं मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होता, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाचं त्याला भान असे. पण कायद्यानं सांगितलं गाडीत ठेवा, म्हटल्यावर कागद गाडीत गेला. मी असतो तर मीही तिथंच ठेवला असता, आणि वर दोन झेरॉक्स काढल्या असत्या.

गॅरेजातून बाहेर पडल्या पडल्या खरी पंचाईत कळली. तीस वर्षं मानफ्रेडचा उजवा हात गिअरच्या मुठीवर राहायलाच होता. स्टिअरिंगवर तो पाहुणा म्हणून जायचा. दुसरा गिअर टाकला, जरा निवांत झाला, आणि हात सवयीनं मुठीवर जाऊन बसला. इंजिनानं एकदम टाहो फोडला आणि गाडी मात्र मंद झाली. दचकून हात काढला तर गाडीनं असा हिसका दिला की टोपी मागच्या सीटवर गेली. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरनं भोंगा वाजवला. गडबडीत मानफ्रेडनं पुन्हा मूठ धरली. असं करत करत चार किलोमीटर अंतर त्यानं एकोणीस मिनिटांत कापलं, आणि घराजवळच्या बेकरीपाशी येईपर्यंत उजवा हात कोटाच्या खिशात कोंबून टाकला.

"काय म्हणाला क्नोडलर?" गुद्रुननं विचारलं.

"तेल बदललं."

"तीन आठवडे?"

"दाट तेल होतं."

"आणि हात खिशात का?"

"थंडी आहे."

गुद्रुननं उघड्या खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या बाल्कनीत शेजारी बनियनवर बसून पेपर वाचत होता. अडतीस वर्षं ती प्राथमिक शाळेत गणित शिकवत होती. गृहपाठाची वही कुत्र्यानं खाल्ली, असं सांगणारी मुलं तिनं दोन पिढ्या पाहिली होती, आणि अशा वेळी गप्प बसलं की पोरगं आपणहून पुढचं बोलतं हे तिला ठाऊक होतं.

सरावाला दोघं निघाली तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. शोभेचं पेडल फार हलकं होतं. मानफ्रेडचा पाय सवयीच्या जोरानं खाली जायचा आणि धाडदिशी जमिनीवर आदळायचा.

"पाय का आपटतोयस? रागावलायस का माझ्यावर?"

"छे. बूट सैल झालाय."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा क्नोडलरच्या दारात.

"स्प्रिंग जड बसवा."

"जड?" क्नोडलरनं हातातला पाना खाली ठेवला. त्याच्या हिशेबी ही मोठी गोष्ट होती. "गुडघ्याला त्रास नको म्हणून क्लच सोडवला ना आपण?"

"हो."

"आणि आता त्याच गुडघ्याला जड पेडल?"

"खरं वाटलं पाहिजे हो."

"किती जड?"

"पहिलं होतं तेवढं," मानफ्रेड म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "थोडं जास्तच. तिला जड सांगितलंय मी."

म्हणजे बघा, गुडघा वाचवायला क्लच काढला, आणि क्लच काढल्याचं लपवायला गुडघ्याला दुप्पट जुंपलं. मानफ्रेडला हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. संध्याकाळी तळघरात कपडे धुण्याच्या मशिनमागं, गुडघ्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी धरून बसला की त्याला आपलं हसू यायचं. असा गाढव आपण स्वतः नसतो तर त्याची गोष्ट क्लबात किती रंगवून सांगितली असती, असं त्याला वाटायचं. पण दुसऱ्या दिवशी गुद्रुन स्टिअरिंगकडं नुसती बघायची आणि हा लंगडत जाऊन आधी आपली जागा पकडायचा.

"मटार का मऊ झालेत?" गुद्रुननं एकदा फ्रीजमध्ये डोकं घालून विचारलं.

"जुने असतील."

"परवा आणलेत."

फेरीचा रविवार उजाडला. या फेरीबद्दल एवढंच सांगतो की ती वेगाची नाही, वक्तशीरपणाची शर्यत असते. पाच किलोमीटरला सात मिनिटं दिली असतील तर बरोबर सातव्या मिनिटाला रस्त्यावर आडव्या सोडलेल्या प्रकाशाच्या किरणातून गाडी गेली पाहिजे. लवकर आलात तरी दंड, उशिरा आलात तरी दंड, आणि मोजणी सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. जगात कुणाला यात मजा वाटत नसेल, आम्हाला वाटते.

या खेळात गुद्रुनसारखं दुसरं कुणी नव्हतं. शेवटचे दहा सेकंद ती मोठ्यानं उलटे मोजायची आणि प्रत्येक सेकंदाला बोटाच्या पेरानं एक ठोका द्यायची. तीस वर्षं तिचे ठोके ऐकत मानफ्रेड किरणातून गाडी काढत आला होता. ते ठोके त्याच्या इतके अंगवळणी पडले होते की घरातल्या घड्याळाच्या टिकटिकीसारखे ते त्याला वेगळे ऐकूच येत नसत. सरावात ती ठोके देत नसे. आणि ती ठोके कशावर देते, हे मानफ्रेडला पहिल्या टप्प्यात आठवलं तेव्हा समोर किरणाच्या यंत्राचं तिकाटणं दिसायला लागलं होतं आणि गुद्रुनचा डावा हात गिअरच्या मुठीकडं निघाला होता.

"गुद्रुन, थांब—"

"दहा!" टक्. इंजिन ओरडलं. "नऊ!" टक्. गाडीनं हिसका दिला. "आठ! अरे काय करतोयस? सात!" टक्. गाडीला उचक्या लागल्या. दर सेकंदाला एक आरोळी आणि एक उचकी, अशा थाटात ती हिरवी गाडी उड्या मारत किरणापाशी आली. रस्त्याकडेच्या खुर्च्यांवर बसलेली मंडळी उभी राहिली. एका आजोबांनी टोपी काढली.

तीन सेकंद आणि चाळीस शतांश उशीर. तीस वर्षांतली या जोडप्याची सर्वांत मोठी चूक याआधी अर्ध्या सेकंदाची होती.

"काय झालं हे?" गुद्रुननं स्टॉपवॉच मांडीवर ठेवलं.

"क्लच सटकतोय," मानफ्रेडच्या तोंडून गेलं.

हे त्यानं बोलायला नको होतं. आमच्या क्लबात कुणाच्या गाडीला काही झालं म्हणजे ते सार्वजनिक कार्य असतं. जेवणाच्या मुक्कामावर गाडी उभी राहते न राहते तोच चारी बाजूंनी जॅक आले, चटया आल्या, पाने आले. मानफ्रेड "राहू द्या हो, जाईल चालून" म्हणत हात पसरून गाडीसमोर उभा राहिला, पण क्लबाचा अध्यक्ष वेंडेलिन एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं तोवर गाडीखाली सरकलोसुद्धा होतो.

खाली आम्ही दोघं उताणे पडून वर बघत होतो.

"क्लचची केबल कुठंय?" वेंडेलिन कुजबुजला.

"नाहीये."

"आणि ही डब्याएवढी मोटर कसली?"

मी तिची वायर बघितली. ती गिअरच्या दांड्याकडं गेली होती. मग पेडलकडं पाहिलं. पेडल स्प्रिंगला बांधलेलं होतं, आणि स्प्रिंग कशालाच नाही.

गाडीच्या कडेला मानफ्रेडचे बूट दिसत होते, डावा जरा उचललेला. शेजारी गुद्रुनच्या पांढऱ्या चपला. त्यांच्या शेजारी माझ्या हिल्ट्रूडचे निळे बूट, आणि पलीकडं वेंडेलिनच्या बायकोचे तपकिरी. ती पावलांची ओळ बघितली आणि आम्हाला सगळा मामला लख्ख समजला. आज मानफ्रेडची खुर्ची गेली, तर उद्या आमच्या कशा राहतील?

"केबल ढिली होती!" वेंडेलिन खालून ओरडला. "घट्ट केली!"

खरं वाटावं म्हणून मी सायलेन्सरवर पान्यानं दोन टोले हाणले.

आम्ही बाहेर आलो. मानफ्रेडनं माझ्या पाठीवरची धूळ झटकली. जरा जास्तच वेळ झटकत होता बिचारा.

"झाली घट्ट?" हिल्ट्रूडनं मला विचारलं.

"झाली."

"दोघं लागले?"

"अवघड जागी होती."

"हं," हिल्ट्रूड म्हणाली आणि बटाट्याच्या सॅलडकडं वळली. तिच्या त्या 'हं'नं माझं जेवणात लक्ष लागलं नाही.

जेवणानंतर शेवटच्या टप्प्याच्या सुरुवातीपर्यंत बारा किलोमीटर साधा रस्ता होता. निघता निघता मानफ्रेड म्हणाला, "गुद्रुन, आता ठोके नको देऊस. नुसतं मोज."

"का?"

"केबल नुकतीच घट्ट केलीय. हादरे नकोत."

"बरं."

जरा वेळानं गुद्रुननं बोलता बोलता एक बोट मुठीवर टेकवलं. इंजिन ओरडलं. बोट उचललं. गाडी हिसका देऊन ताळ्यावर आली. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. शाळेत ती मुलांना सांगायची, एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तर वहीत लिहून ठेवा, तीनदा झालं तर नियम.

"रस्ता खराब आहे," मानफ्रेड घाम पुसत म्हणाला.

"हो ना," गुद्रुन म्हणाली. मग तिनं त्याच्या डाव्या पायाकडं पाहिलं. "आत्ता गिअर आधी पडला आणि क्लच मागनं दाबलास."

"नवीन पद्धत आहे."

तिनं समोरचा कप्पा उघडला, कागद एकेक करून बाहेर काढले, तळाचा कागद वाचला, शिक्का पाहिला, सगळे कागद होते त्या क्रमानं परत ठेवले आणि कप्पा लावला.

"काय शोधत होतीस?" मानफ्रेडचा आवाज चिरकला.

"खोडरबर. सापडलं."

शेवटचा टप्पा चढाचा होता, पाच किलोमीटर, सात मिनिटं. मानफ्रेडची गाडी रांगेत पुढं आली आणि तिथं त्याच्या गुडघ्यानं मान टाकली. सकाळपासून त्यानं ते जड पेडल शंभरदा तरी दाबलं असेल. आता पाय सरळ झाला तो वाकेचना. झेंडेवाल्यानं झेंडा पाडला, घड्याळ सुरू झालं, आणि मानफ्रेड दोन्ही हातांनी आपली डावी मांडी खाली रेटत बसला.

"काय झालं?" गुद्रुननं विचारलं.

"दबतच नाहीये!" त्याचा चेहरा बिटासारखा लाल झाला होता. "क्लच दाबला जात नाहीये!"

"मग न दाबता टाक गिअर."

"क्लच न दाबता कसा टाकू? काहीतरीच काय बोलतेस!"

"जसा गेले तीन आठवडे टाकतोयस तसा."

मानफ्रेडनं तिच्याकडं पाहिलं. मग पायाखालच्या त्या पेडलकडं पाहिलं. इतके दिवस दुसऱ्याला फसवता फसवता आपण स्वतःच त्याला खरं मानायला लागलो होतो, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि त्याला अशी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

"उतर," गुद्रुन म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं.

"घड्याळ चालू आहे!" झेंडेवाला ओरडला.

"चालू दे," म्हणत ती खाली उतरली आणि गाडीला वळसा घालून त्याच्या दाराशी आली. मानफ्रेडनं दोन्ही हातांनी आपला पाय उचलून बाहेर ठेवला, ओंडका ठेवावा तसा. चालक बदलू नये असं नियमांत कुठंच नव्हतं. असं काही लिहायची गरज पडेल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.

अठ्ठेचाळीस सेकंद गेले होते. गुद्रुननं सीट पुढं ओढली, आरसा वाकवला, मूठ धरून पहिला गिअर टाकला, हात उचलला, आणि गाडी निघाली. दुसरा, तिसरा. कुठं हिसका नाही, कुठं आरोळी नाही. वळणावर ती आधी हळू व्हायची आणि मग अशी सुटायची की मानफ्रेडनं दाराची मूठ घट्ट धरली.

"मोज!"

"अं?"

"घड्याळ तुझ्याकडं आहे! मोज की!"

मानफ्रेड घड्याळ बघत नव्हता. तो खिडकीबाहेर बघत होता. चढाच्या दोन्ही बाजूंना सफरचंदाची झाडं फुलली होती, आणि झाडांमध्ये एक छोटं चर्च होतं, निळ्या दाराचं. तीस वर्षं दर मे महिन्यात तो या रस्त्यावरून गेला होता आणि त्यानं फक्त डांबर पाहिलं होतं. गुडघा ठणकत होता, खुर्ची गेली होती, आणि तरी त्याला बरं वाटत होतं. हे कुणाला सांगायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. पुढं बियरच्या दुसऱ्या ग्लासाला त्यानं ते मला सांगितलं.

"मानफ्रेड!"

"पंधरा! चौदा!" तो भानावर येऊन ओरडला. दहापाशी त्याचा हात आपणहून ठोका द्यायला मुठीकडं गेला.

"हात!" गुद्रुन कडाडली. हात मागं आला.

एक सेकंद आणि दहा शतांश. बक्षीस काही मिळालं नाही, पण अठ्ठेचाळीस सेकंद उशिरा निघून आणि अडखळत मोजणारा नवरा शेजारी घेऊनही सकाळच्या चुकीच्या तिसऱ्या हिश्श्यात तिनं गाडी आणली होती. "पुढच्या वेळी तू नीट मोजलंस तर जमेल," गुद्रुन म्हणाली. पुढच्या वेळी कोण कुठं बसणार, यावर चर्चा झालीच नाही.

शेवटच्या रेषेपाशी आम्ही सगळे उभे होतो, शेजारी आपापल्या बायका. हिरवी गाडी येऊन थांबली. डावं दार उघडलं आणि त्यातून गुद्रुन उतरली. उजव्या दारातून मानफ्रेडचा एक पाय आला, मग जरा वेळानं दुसरा. वेंडेलिननं खिशातून रुमाल काढून आपला स्वच्छ चष्मा पुसायला घेतला.

मग माझ्या कानाशी आवाज आला, "काय रे, केबल ढिली होती ना?"

"हो... म्हणजे तशी... खाली अंधार होता."

हिल्ट्रूडनं हात पुढं केला, तळवा वर करून. मी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. आमच्या गाडीचा क्लच पहिल्यापासून आहे तसाच आहे, जड आणि नाजूक. तो तिला जमणार नाही, गाडी बंद पडेल, मग सगळ्यांदेखत हळूच जागा बदलून घेऊ, एवढी एकच आशा मला उरली होती.

हिल्ट्रूडनं क्लच दाबला, गिअर टाकला आणि पाय सोडला. सत्तावीस वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदाच आमची गाडी धक्का न देता निघाली.